आवाज केव्हा येतो? : इंजिनाच्या निदानशास्त्रात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी प्रस्तावना

गाडीचे हेड गॅस्केट उडते. हेड उतरते, लेथवाल्याकडून फेसिंग होऊन, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट होऊन, येते, नवे गॅस्केट बसते आणि इंजिन पुन्हा बांधले जाते. किल्ली फिरवताच गाडी चालू होते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर आहे. म्हणजे ज्यासाठी इंजिन उघडले ते काम झाले. पण बॉनेटखालून एक आवाज येतो आहे. मालक म्हणतो, हा आधी नव्हता. मिस्त्री म्हणतो, दोन दिवस चालवा, बसेल. दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतात आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते. कोणाच्या म्हणण्यात किती, हे ठरवण्याची शिस्तशीर रीत हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. आयटीआयचा विद्यार्थी असो, पदवी घेतलेला पण पाना न धरलेला अभियंता असो, की आपल्या गाडीचे नेमके काय झाले हे समजून घेऊ पाहणारा मालक असो, तिघांनाही इथे सारखीच जागा आहे. पूर्वतयारी फारशी लागत नाही. चार स्ट्रोकचे इंजिन कसे चालते एवढे ठाऊक असावे, भागाकार यावा, आणि निष्कर्ष काढण्याची घाई नसावी.

मला जे सांगायचे आहे ते सुरुवातीलाच सांगतो. आवाज कसा आहे याआधी तो केव्हा येतो हे विचारावे. एकाची टकटक ही दुसऱ्याची किटकिट असते. तोच आवाज गाडीत बसून वेगळा ऐकू येतो, बॉनेट उघडून वेगळा आणि गाडीखाली आडवे पडून आणखी वेगळा. वर्णनावर दोन जाणकारांचे एकमत होणे अवघड. पण 'सकाळी पहिल्यांदा चालू केली की येतो, इंजिन तापले की जातो' यावर वाद होत नाही. काळ मोजता येतो. क्रँक किती फेऱ्या मारतो हे मोजता येते, इंजिन किती तापले हे मोजता येते, भार कधी आला हे पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरवरून कळते. घोड्यांच्या पारखीतही असेच असते. हैदराबादच्या मलकपेठेत 1886 मध्ये सहाव्या निजामाने शर्यतीचे मैदान आणले. तिथे घोडा लंगडतो आहे का हे पाहणारा माणूस टापांच्या आवाजाचे वर्णन करत बसत नाही. पुढचा कोणता पाय टेकताना घोडा मान वर उचलतो एवढेच तो पाहतो आणि दुखरा पाय ओळखतो. इंजिनाच्या बाबतीतही कोणत्या क्षणी काय हलते याचा हिशेब ज्याला मांडता येतो, त्याला निम्मे उत्तर मिळालेले असते.

मलकपेठ हे या अभ्यासाला साजेसे ठिकाण आहे. पुण्याहून सोलापूर, उमरगा, जहीराबाद करत येणारा राष्ट्रीय महामार्ग 65 हैदराबादेत शिरतो तो चादरघाट, मलकपेठ, दिलसुखनगर असा शहराच्या गर्दीतूनच विजयवाड्याकडे जातो. महाराष्ट्रातला कांदा याच वाटेने मलकपेठच्या गंजात उतरतो. रेल्वेच्या पुलाखाली रस्ता अरुंद होतो, वाहने खोळंबतात, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. गाडी उभी असली की रेडिएटरवरून वारा वाहत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. पंख्याचा रिले बिघडलेला असेल, थर्मोस्टॅट अडकलेला असेल किंवा वर्षानुवर्षे बोअरवेलचे कठीण पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसले असतील, तर महामार्गावर सुरळीत धावलेली गाडी इथल्या कोंडीत दहा मिनिटांत तापते. पावसाळ्यात याच पुलाखाली पाणी साचते. ते हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पुढे हाच मुद्दा पुन्हा येईल, कारण गॅस्केट फुटून कूलंटने भरलेल्या सिलिंडरवर स्टार्टर मारला तरी तेच घडू शकते.

हेड गॅस्केट काय काम करते ते एकदा नीट पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. ब्लॉक आणि हेड यांच्यामधला हा पातळ थर तीन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या ठेवतो: जळणाऱ्या वायूचा दाब, वाहते ऑईल आणि वाहते कूलंट. एक थंड, एक तापलेले, एक स्फोटक. शिवाय ज्या दोन पृष्ठभागांमध्ये तो दाबलेला असतो ते स्वतः स्थिर नसतात. पुष्कळ गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनिअमचे असते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनिअम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. हेड 400 मिलिमीटर लांब असेल आणि तापमान 100 अंशांनी वाढले, तर अ‍ॅल्युमिनिअमला सुमारे 0.9 मिलिमीटर वाढायचे असते आणि खालच्या बिडाला 0.45 मिलिमीटरच्या आसपास. बोल्ट त्याला मोकळे वाढू देत नाहीत. गाडी चालू करून बंद करण्याच्या प्रत्येक फेरीत गॅस्केटवर ही ओढाताण होते, आणि ती सहन करण्यासाठीच आजची गॅस्केट पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांची असतात. गाडी एकदा प्रमाणाबाहेर तापली की अडवलेले हेड वाकते. कित्येक उत्पादक अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडला जेमतेम 0.05 मिलिमीटर वाक चालवून घेतात. ते तपासायला सरळ पट्टी आणि फीलर गेज पुरते. डोळा किंवा बोट पुरत नाही.

आता कामाकडे येऊ. गॅस्केट बदलणे म्हणजे एक पत्रा काढून दुसरा घालणे, अशी मालकाची समजूत असते. प्रत्यक्षात त्या पत्र्यापर्यंत पोहोचायला इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सुटतात, टायमिंगचा बेल्ट किंवा चेन सुटते, टेन्शनर सैल होतो, रॉकर किंवा कॅम निघतो, इंजेक्टर आणि प्लग निघतात, इंजिनाचा एखादा माउंटिंग सुटतो, अल्टरनेटरचा ब्रॅकेट आणि उष्णता अडवणारे पत्रे बाजूला होतात. यातली प्रत्येक वस्तू परत बसवताना चुकू शकते आणि चुकली तर वाजू शकते. म्हणूनच गॅस्केटनंतरचा आवाज बहुधा गॅस्केटचा नसतो. नव्या अभ्यासकाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी मनात पक्की करावी.

त्या आवाजाला तीन जन्मवेळा असू शकतात. एक, गाडी तापली तेव्हाच उष्णतेने पिस्टन, बोअर किंवा बेअरिंग जखमी केले होते, आणि बिघडलेले इंजिन तेव्हा इतके खडबडत चालत होते की त्यात हा आवाज बुडून गेला. दोन, काम करताना हाताने काहीतरी चुकले. तीन, दोष वर्षानुवर्षे होताच. इंजिन नितळ चालू लागल्यावर आणि मालक कान देऊन ऐकू लागल्यावर तो प्रथमच जाणवला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसे पुष्कळदा इथे होते. पण दर वेळी कावळ्याला निर्दोष धरणेही चूक आहे. दुरुस्तीनंतर आला म्हणून दुरुस्तीमुळेच आला, हे गृहीत धरून पुढे जाता येते. सिद्ध मात्र करावे लागते. गॅरेज आणि गिऱ्हाईक यांच्यातली बरीचशी कटुता हा फरक न केल्याने येते.

मग वेळ मोजायची कशी? चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला मिनिटाला 900 फेरे असतील तर क्रँक सेकंदाला 15 वेळा फिरतो आणि कॅम साडेसात वेळा. एखाद्याच व्हॉल्व्हचा टॅपेट वाजत असेल तर सेकंदाला सातआठ ठोके ऐकू येतील. खाली, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला होणारा ठोका याच्या दुप्पट घाईने येतो. सवय झाल्यावर कानाला हा फरक कळतो. सवय होईपर्यंत टायमिंग लाइट वापरावी: पहिल्या प्लगच्या वायरला लावली की तिचा प्रकाश दर ठोक्याबरोबर लागतो की एक ठोका सोडून, ते पाहायचे. मात्र डिस्ट्रिब्युटर नसलेल्या काही इंजिनांत दोन सिलिंडरांना एकच कॉइल असते आणि प्लग दर फेऱ्याला ठिणगी टाकतो. तिथे हा प्रकाश कॅमचा हिशेब न दाखवता क्रँकचा दाखवेल. इंजिनाची रचना माहीत नसताना उपकरणावर विसंबू नये, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

निम्म्या वेगाचा ठोका सापडला म्हणून टॅपेटच, असेही म्हणता येत नाही. प्रत्येक सिलिंडरचा एक्झॉस्टसुद्धा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच सुटतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट नीट बसले नसेल, एखादा स्टड तुटलेला असेल किंवा फ्लँज वाकलेली असेल, तर त्या फटीतून निसटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. माझ्या मते हेडच्या कामानंतर सर्वांत जास्त फसवणारी जोडी हीच. इथे दुसरा प्रश्न विचारावा लागतो: थंड असताना की गरम झाल्यावर? मॅनिफोल्डची फट थंडपणी मोठी असते, लोखंड तापून फुगले की मिटते. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हा आवाज ठळकपणे वाढतो, कारण वायूचा दाब वाढतो. यांत्रिक टॅपेटचा ठोका वेगाबरोबर घाई करतो, पण भाराने फारसा बदलत नाही. खात्री करायची तर इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या टोकातून ब्लोअरने हवा सोडावी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचे पाणी फिरवावे. फेस आला तिथे फट. खर्च जवळजवळ शून्य, आणि काहीही उघडावे लागत नाही.

टॅपेटबद्दल एक समजूत इतकी पसरली आहे की तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. फेसिंग केले की टॅपेट वाजणारच, असे सांगितले जाते. भूमिती उलट सांगते. अँबॅसडरसारख्या जुन्या पुशरॉडच्या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये असतो आणि रॉकर हेडवर. हेड घासून पातळ केले की रॉकर खाली येतो आणि टॅपेटची फट कमी होते. ज्या इंजिनात कॅमच हेडमध्ये बसतो, तिथे कॅम आणि व्हॉल्व्ह दोघेही एकत्रच खाली सरकतात. फेसिंगने फट बदलतच नाही. व्हॉल्व्ह ग्राइंड केले तर ते आपल्या सीटमध्ये खोल जातात, त्यांचे टोक कॅमकडे वर येते आणि पुन्हा फट कमीच होते. म्हणजे या कामांनी आवाज वाढायचे कारण नाही. तरी टॅपेट वाजत असतील तर फट चुकीची ठेवली गेली, गरम इंजिनाचे माप थंड इंजिनाला लावले गेले, किंवा निघालेले शिम आणि बकेट एकमेकांच्या जागी गेले. याचीच दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. फट नको तितकी कमी राहिली तर टॅपेट अजिबात वाजत नाही, मालक खूश होतो, आणि पूर्ण न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देऊ न शकल्याने काही महिन्यांत जळतो. शांत इंजिन दिसले की फीलर गेज बाजूला ठेवण्याचा मोह होतो; तो टाळावा.

हायड्रॉलिक टॅपेटची गोष्ट वेगळी. काम चालू असताना त्यांतले ऑईल निथळते, हवा शिरते आणि पहिल्या स्टार्टला सगळे एकदम कटकट करतात. ऑईल पोहोचले की शांत होतात. ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या चेन टेन्शनरचेही तसेच. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात फियाटचे 1248 सीसी मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे. ते अनेक गाड्यांत बसले आणि अजून रस्त्यावर आहे. त्याला बेल्ट नसून चेन आहे. अशा इंजिनात थंडपणी पहिले काही सेकंद चेन खडखडली तर घाबरू नये. दर सकाळी खडखडू लागली किंवा गरम झाल्यावरही थांबली नाही, तर चेन वाढली आहे, गाइड झिजले आहे किंवा टेन्शनर बसवताना त्याची पिन तशीच राहिली आहे.

टायमिंगचेही फेसिंगवर बिल फाडले जाते. आकडे मांडून पाहा. वर कॅम असलेल्या इंजिनात हेड अर्धा मिलिमीटर घासले आणि कॅमच्या चाकाची त्रिज्या 40 मिलिमीटर असेल, तर कॅम सुमारे 0.7 अंश मागे पडतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने जेमतेम दीड अंश. त्याच चाकाला 40 दाते असतील तर एक दाता चुकणे म्हणजे कॅमचे 9 आणि क्रँकचे 18 अंश. दीड अंशाने इंजिन किंचित सुस्त होईल. अठरा अंशांनी ते खोकेल, ताकद गमावेल, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकून वाकेल. स्कॅनर लावला तर क्रँक आणि कॅमचा मेळ नसल्याचा पी0016 हा कोड येऊ शकतो. अशी शंका आली की पुन्हा स्टार्टर मारून ऐकत बसू नये. हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवावा आणि खुणा जुळतात का ते पाहावे.

फेसिंगचा खरा परिणाम होतो तो कॉम्प्रेशनवर. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचे 1089 सीसीचे इंजिन घेऊ: 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे 272 घन सेंटिमीटर. हिशेबाच्या सोयीसाठी कॉम्प्रेशन रेशो 8 धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे 39 घन सेंटिमीटर होते. हेड अर्धा मिलिमीटर घासले की त्यातली जास्तीत जास्त 1.8 घन सेंटिमीटर जाते आणि रेशो 8.3 च्या वर सरकतो. एकदा घासलेले हेड पुन्हा पुन्हा घासले, आत कार्बन साचलेला ठेवला आणि इग्निशन थोडे पुढे राहिले, तर चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबताच खडे उडाल्यासारखा पिंगिंगचा आवाज येतो. भार हटवला की तो जातो. हा धातूवर धातू आपटल्याचा आवाज नाही. मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्याआधीच पेटतो आणि बंद सिलिंडरमधला वायू थरथरतो. 1930 च्या दशकात चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी या थरथरीची वारंवारता बोअरच्या व्यासाशी जोडून दाखवली. 80 मिलिमीटरच्या बोअरला ती सात हजार हर्ट्झच्या जवळपास येते, आणि ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर हीच थरथर टिपतो. अमेरिकेत 1921 मध्ये टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून ती दाबण्याचा मार्ग काढला. त्या शिशाची किंमत मुलांच्या मेंदूंनी चुकवली, आणि भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. एका आवाजाच्या उपायाने इतका अनर्थ केला, हे या विषयाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

आता त्या आवाजाकडे वळू ज्याला थांबून ऐकायचे नसते. खालून येणारा जड ठोका, भार आल्यावर वाढणारा, गरम ऑईल पातळ झाले की अधिक ठळक होणारा. हे कनेक्टिंग रॉडचे बिग एंड बेअरिंग असू शकते. गॅस्केट फुटले तेव्हा कूलंट ऑईलमध्ये उतरून बेअरिंगवरचा ऑईलचा पापुद्रा तुटलेला असू शकतो. आधी उतरले नसेल तरी हेड उचलताना वाहिन्यांतले कूलंट बोअरमध्ये आणि ऑईलच्या परतीच्या भोकांत सांडते; म्हणून कामानंतर ऑईल आणि फिल्टर बदलणे ही कंजुषी करण्याची जागा नव्हे. आणखी एक कारण फार कमी सांगितले जाते. जुने गॅस्केट खरवडायला ग्राइंडरवर घासणी चकती लावली की तिच्यातले अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडचे कण ऑईलच्या वाटांत पडतात. पृष्ठभाग चकचकीत दिसतो आणि काही दिवसांत बेअरिंग खाल्ले जाते. तिथे प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी, रसायन आणि धीर हीच हत्यारे.

ठोका कोणत्या सिलिंडरचा हे कळायला त्या सिलिंडरचा जाळ थांबवून पाहतात: रॉडचा आवाज तेवढ्यापुरता मंदावतो, टॅपेटला काही फरक पडत नाही. हे स्कॅनरने किंवा इंजेक्टरची विजेची जोडणी काढून करावे. कॉमन रेलच्या डिझेलमध्ये हजार बारच्याही वर दाब असू शकतो. चालू इंजिनाचा तिथला पाइप सैल करणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर नट ढिला करून पाहण्याची सवय ज्यांच्या हाताला आहे, त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

डिझेलमध्ये आणखी एक पाहावे. अनेक इंजिनांना एकाच मापाचे गॅस्केट चालत नाही. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून, कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून योग्य जाडीचे गॅस्केट निवडायचे असते. पातळ घातले तर पिस्टन हेडला स्पर्श करू शकतो. तो ठोका थंडीत, गरमीत, भारात, बिनभारात दर फेऱ्याला येतो आणि वेग वाढेल तसा कडक होतो. प्लगच्या भोकातून आत पडलेला वॉशर जवळजवळ असाच वाजतो. दोन्हींत इंजिन ताबडतोब बंद करावे. वाकलेल्या रॉडचा पिस्टन मात्र वर कमी येतो, त्यामुळे त्या एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी भरते, आणि पुलाखालच्या पाण्याची किंवा कूलंटवर मारलेल्या स्टार्टरची गोष्ट तिथे उलगडते.

इंजिनाचे हे ज्ञान हैदराबादेत आले कुठून? 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने 27 बस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबादशी जोडलेला होता, म्हणून हा वारसा मराठी मुलखाचाही आहे. उस्मानिया विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1929 मध्ये निघाले आणि तिथे अभियांत्रिकी उर्दूतून शिकवली जाई. देशी भाषेतून यंत्रशास्त्र शिकवता येते याचा पुरावा या शहराने दिलेला आहे. मराठीतही नागपूरचे 'उद्यम' 1919 पासून आणि किर्लोस्करांचे मासिक 1920 पासून यंत्रांबद्दल, उद्योगांबद्दल घरोघर बोलत होते. तरी गॅरेजमधले कानाचे ज्ञान कागदावर फारसे उतरले नाही. उस्तादाने स्क्रू ड्रायव्हरचे टोक हेडवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून जे ऐकले, ते शेजारी उभ्या पोराला एका शब्दात सांगितले आणि तिथेच संपले. मला याची खंत आहे. ते ज्ञान खरे आहे, कसाला लावता येण्याजोगे आहे, आणि लिहून ठेवले तर पुढच्या पिढीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

हल्ली लोक मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. तो उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखाव्या. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. खालचे जड सूर तो नीट घेत नाही आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करत राहतो, त्यामुळे भार आल्यावर ठोका वाढला की नाही हेच त्यातून हरवते. रेकॉर्डिंग मागवावे, पण सोबत चार ओळी लिहून मागाव्या: थंड की गरम, आयडलिंग की वेगात, चढावर की सपाटीला, आणि दुरुस्तीनंतर पहिल्या मिनिटापासून की काही दिवसांनी. शेवटचा प्रश्न विशेष मोलाचा. पहिल्या मिनिटापासून असलेला आवाज बहुधा बसवणीचा असतो. शंभर किलोमीटरनंतर सुरू झालेला बहुधा बेअरिंगचा, ढिल्या पडलेल्या जोडाचा किंवा सरकलेल्या टेन्शनरचा.

दुरुस्ती करणाऱ्याबद्दल एक विनंती. गाडी दुसऱ्याकडून आली असेल तर त्याच्या कामाला नाव ठेवण्याआधी काढलेले भाग पाहायला मागावेत. जुने गॅस्केट कोणत्या सिलिंडरपाशी जळले, बोल्ट नवे होते की ताणले गेलेले जुनेच परत घातले, बोल्टच्या भोकांत ऑईल साचलेले होते का. आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या, भोकात ऑईल असेल तर टॉर्क रेंच खोटे सांगतो आणि कधी कधी ब्लॉकच तडकतो. ही माहिती देणाऱ्या मिस्त्रीने अर्धे निदान केलेले असते. त्याला आरोपी बनवले तर तो काहीच दाखवणार नाही.

राहिला 'दोन दिवस चालवा' हा सल्ला. त्यावर जाणकारांतही एकमत नाही. काहींच्या मते हायड्रॉलिक टॅपेटला वेळ द्यावा, काहींच्या मते एक मिनिटही देऊ नये. माझे मत असे की आधी ऑईल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावावे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा झाला असे नाही. तो फार खालच्या दाबाला विझतो. गेजवर दाब उत्पादकाच्या मापात असेल तर टॅपेटना वीसएक मिनिटे देता येतात. दाब ब्लॉकमध्ये नीट आणि वर हेड कोरडे असेल, तर गॅस्केट उलटे बसून ऑईलचे भोक झाकले गेले आहे किंवा सीलंटचा तुकडा हेडकडे जाणाऱ्या बारीक जेटमध्ये अडकला आहे; अशा वेळी एक फेरीही कॅमच्या बेअरिंगच्या जिवावर बेतते. म्हणून पुस्तकाचे पहिले प्रकरण आवाजावर नाही, ऑईलच्या वाटेवर आहे: सम्पमधल्या जाळीपासून पंप, फिल्टर, ब्लॉकमधली मुख्य वाहिनी, तिथून गॅस्केटच्या त्या एका भोकातून वर कॅमपर्यंत. वाचताना शेजारी एखादे जुने गॅस्केट ठेवावे. भंगारात सहज मिळते. त्यावर 'टॉप' लिहिलेली बाजू शोधावी आणि ते भोक बोटाने हुडकून काढावे.